शबाकी ही कुर्दीची बोली आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही उत्तर इराकमधल्या अर्बीलमध्ये बांधकामाच्या साइटवर इंजिनियर आहात. तुमचा फोरमन मोसुलच्या पूर्वेकडचा, शबाक समाजाच्या एका गावातला आहे आणि तो म्हणतो, "आमची भाषा वेगळी आहे." ऑफिसातले कुर्द सहकारी म्हणतात, "वेगळी कसली, कुर्दीचीच बोली ती." तुम्ही इंटरनेटवर शोधलंत तर 'झाझा-गोरानी' असं तिसरंच काहीतरी निघालं. तर खरं कोण बोलतंय? आणि तुम्ही शिकायला घेतलेली सोरानी, म्हणजे अर्बीलकडची कुर्दी, त्याच्याशी बोलायला उपयोगी पडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोरानी नक्की उपयोगी पडेल, कारण अर्बीलमध्ये राहून काम करणाऱ्या शबाक माणसाला ती बहुतेक येतेच. पण त्याला ती येते म्हणून त्याची घरची भाषा सोरानीची बोली ठरत नाही. मडगावच्या दुकानदाराशी तुम्ही मराठीत बोललात तर तो मराठीत उत्तर देईल. त्याचं घर कोकणी बोलतं हे त्या उत्तरावरून तुम्हाला कळणारही नाही. शेजारच्या मोठ्या भाषेची कानाला सवय असली की ती समजते, नातं जवळचं असो वा लांबचं. मोठ्या भाषेच्या माणसाला मात्र धाकटी भाषा तितकी समजत नाही, कारण ती कधी त्याच्या कानावर पडलेलीच नसते. तुमचे कुर्द सहकारी फोरमनचं बोलणं समजतं असं म्हणत असतील, तर तो गावाकडच्या माणसाशी फोनवर बोलत असताना त्यांना विचारून पाहा.

आता पहिला प्रश्न. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. भाषा कुठल्या फांदीवर उगवली हा एक, आणि ती बोलणारे स्वतःला कोण म्हणवतात हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ध्वनी आणि व्याकरण तपासून देता येतं, आणि तीस वर्षं मी तेच काम करत आले आहे. दुसऱ्याचं उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, तुमच्या सहकाऱ्यांचाही नाही. कोकणीच्या वादात आपण हे अनुभवलं आहे. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या तीन तारखांच्या मागेपुढे मराठी आणि कोकणी यांच्यातला एकही स्वर बदलला नाही. बदललं ते लोकांनी मागितलेलं आणि मिळवलेलं स्थान.

नकाशा डोळ्यांसमोर असला की पुढचं सोपं जाईल. मोसुल शहरातून पूर्वेला निघालं की निनवेचं मैदान लागतं. गोगजली, बर्तिल्ला, बाशीका आणि त्यांच्या आसपासची खेडी, हा शबाकांचा प्रदेश. पण तो एकट्या त्यांचा नाही. बर्तिल्लात आणि करम्लेशमध्ये ख्रिस्ती लोक अरामीची आजची रूपं बोलतात. बाशीका आणि बहझानीतले येझिदी (त्यांचा धर्म स्वतंत्र आहे) अरबी बोलतात, तर उत्तरेला शेखानकडचे येझिदी कुर्मांजी कुर्दी. तुर्की वळणाची भाषा बोलणारे तुर्कमान आहेत, मोसुलची जुनी शहरी अरबी आहे. उत्तरेला कुर्मांजी, आणि मोठी झाब नदी ओलांडून अर्बीलकडे गेलं की सोरानी. इतक्या भाषांच्या मधोमध शबाकी एका बेटासारखी वसली आहे. शबाकी, हवरामी आणि त्यांच्या जवळच्या बोली मिळून जो गट होतो त्याला गोरानी म्हणतात. ही नातलग हवरामी मात्र पार दक्षिण-पूर्वेला, हलब्जापलीकडे इराक-इराण सीमेवरच्या डोंगरांत बोलली जाते. मोसुलपासून हलब्जापर्यंतच सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. दुसरी, लांबची मानली जाणारी बहीण झाझा, ती तुर्कस्तानात दर्सीम, बिंगोल, सिव्हेरेककडे. दोन्हींच्या मध्ये कुर्दी पसरली आहे.

मराठी माणसाला असं बेट समजायला तंजावर पुरे. तिथल्या मराठी घरांत शतकानुशतकं तमिळच्या गराड्यात मराठी बोलली गेली. तिने तमिळ शब्द घेतले, चाल बदलली, काही जुनी रूपं सांभाळली. पण तिला कोणी तमिळची बोली म्हणत नाही, कारण तिचा सांगाडा ओळखू येतो. शबाकीतही आपल्याला असाच सांगाडा शोधायचा आहे.

एकाच शब्दावरून सुरुवात करते: जावई. संस्कृतात जामातृ. फारसीत 'दामाद'. कुर्दीत 'झावा'. गोरानी गटात आणि झाझातही 'झमा'. (झ हा गझलमधला समजा.) आता यातला पहिला ध्वनी बघा. फारसी 'द' म्हणते, बाकी सगळ्या 'झ'. जाणणे या क्रियापदातही तेच दिसतं: आपलं 'जाण', कुर्दी आणि गोरानीत 'झान', फारसीत 'दान'. इराणी भाषांच्या पश्चिम शाखेचे वायव्य आणि नैर्ऋत्य असे दोन भाग करतात ते मुख्यतः या ध्वनीवरून. म्हणजे कुर्दी, गोरानी, झाझा आणि त्यांच्यासोबत शबाकी या सगळ्या वायव्येकडच्या, फारसी दुसरीकडची. शबाकी ही बिघडलेली फारसी आहे असं कुणी सांगितलं तर ते इथेच संपलं.

मग त्याच शब्दातला मधला ध्वनी बघा. कुर्दीत 'व', गोरानीत 'म'. कुर्दीने स्वरानंतरचा जुना 'म' ओठांवरून सैल सोडला आणि त्याचा 'व' झाला. गोरानीने आणि झाझाने तो 'म' राखला. 'नाव' हा शब्द कुर्दीत 'नाव' असाच आहे, अगदी आपल्यासारखा. गोरानी गटात तो 'नाम'. ही रेघ कुर्दी आणि गोरानी यांच्या मधून जाते, आणि शबाकी तिच्या गोरानी बाजूला उभी आहे.

इथे मराठी वाचकाने एक गंमत नीट मनात ठेवावी. आपणही नाम चे नाव केलं, ग्राम चे गाव केलं, जामातृ चा जावई केला. म्हणजे कुर्दीने जे केलं तेच आपण केलं. मग मराठी आणि कुर्दी जवळच्या झाल्या का? नाही. दोघींनी ते आपापल्या घरी, एकमेकींना न विचारता केलं. भाषेच्या नात्याबद्दल मला कुणाला एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवीन: दोन ठिकाणी एकच बदल दिसला म्हणून लगेच नातं जोडू नये. तो बदल कुठेही सहज घडण्यासारखा आहे का, हे आधी तपासावं.

उलट बाजूनेही फसायला होतं. शब्दाच्या आरंभीचा जुना 'व' गोरानीने तसाच ठेवला. वारा म्हणजे 'वा', पाऊस 'वारान', वसंत ऋतू 'वहार', आणि वीस ही संख्या चक्क 'वीस'. कुर्दी आणि फारसी दोघींनी त्याचा 'ब' केला: बारान, बहार, बीस्त. (आपण मराठीत 'बहार' म्हणतो तो फारसीकडून आलेला.) तसाच आरंभीचा 'य'. संस्कृत यव गोरानीत 'यवा' आहे, यकृताला 'यहर' म्हणतात. फारसीने या ठिकाणी 'ज' आणला, कुर्दीनेही, आणि आपणही यव चे जव केले. वाचणाऱ्याला वाटतं, वा, गोरानी तर संस्कृतच्या किती जवळची! तसं काही नाही. तिने एक जुनी गोष्ट हरवली नाही, इतकंच. दोन भावांनी आजोबांची काठी जपून ठेवली तर त्यावरून ते इतर भावांपेक्षा एकमेकांना जास्त जवळचे ठरत नाहीत. जवळीक ठरते ती दोघांनी मिळून नवं काही केलं असेल तर.

नवं असं काय केलं? तीन ही संख्या घ्या. फारसी 'से', कुर्दी 'से'. हवरामी 'यरे', झाझा 'हिरे'. प्राचीन पार्थियन भाषेतही 'ह्रे'. मूळ शब्दातल्या 'थ्र' या जोडाक्षराचं एकीने 'स' केलं, दुसरीने 'ह्र' कडे नेलं. हे काही रोज कुठेही घडणारं नाही, म्हणून याला वजन आहे. आणि गंमत अशी की कुर्दी इथे आपल्या वायव्येकडच्या बहिणींना सोडून फारसीच्या बाजूला बसली आहे. तसंच खाणे. फारसी 'खोर्दन', कुर्दी 'ख्वार्दन', पण गोरानीत आणि झाझात आरंभीचा 'ख्व' गळून नुसता 'व' उरतो: वार्द, वेर्द. या दोन-तीन खुणा एकत्र धरल्या की कुर्दी एका बाजूला आणि गोरानी-झाझा दुसऱ्या बाजूला दिसू लागतात. तुम्ही वाचलेला 'झाझा-गोरानी' हा शब्द इथून आला.

त्या जोडशब्दाबद्दल माझं मत स्पष्ट सांगते: मी तो जपून वापरते. ध्वनींत या दोघी शेजारी दिसतात, पण यातल्या बऱ्याच खुणा 'राखलेल्या' आहेत, 'केलेल्या' थोड्या. आणि व्याकरणाकडे वळलं की चित्र फिरतं. सोरानी बोलणारा माणूस "मी भाकरी खाल्ली" हे "नानम ख्वार्द" असं म्हणतो. त्यातला 'म' म्हणजे 'मी', आणि तो क्रियापदाला न चिकटता भाकरीला चिकटला आहे. गोरानी गट याच चालीने बोलतो: "नानम वार्द". शबाकीतही भूतकाळातला कर्ता असाच चिकटशब्दाने येतो. झाझा आणि कुर्मांजी मात्र असे चिकटशब्द वापरत नाहीत. त्या सर्वनामाचं तिर्यक रूप (कर्त्याच्या साध्या रूपाहून वेगळं, विभक्तीचं रूप) स्वतंत्र ठेवतात. म्हणजे ध्वनींत गोरानी झाझाकडे झुकते आणि वाक्याच्या बांधणीत सोरानीकडे. वर्तमानकाळ झाझा आपल्याच एका पद्धतीने करते, गोरानी आरंभी 'म' लावून. नुसत्या ध्वनींवर वंशवृक्ष काढला तर निम्मी गोष्ट सुटते.

जाता जाता, हा भूतकाळ मराठी माणसाला परका वाटू नये. "तू आंबा खाल्लास" या वाक्यात 'खाल्ला' आंब्याशी जुळतो आणि शेवटचा 'स' तुझ्याशी. मूळ एकच: क्रियापदाचं कर्मणी रूप आणि "माझ्याकडून केलेलं" अशी रचना. कर्मानशाहजवळच्या बिसुतूनच्या कड्यावर दारियसने कोरलेल्या लेखात "मना कर्तम" येतं, म्हणजे "मी केलेलं". संस्कृत "मया कृतम्" त्याच्या शेजारी ठेवा. त्या कड्यापासून पश्चिमेला दालाहूच्या डोंगरांत आजही गोरानी बोलणारी गावं आहेत.

भाषेच्या नावाचीही एक गोष्ट आहे. शबाकांचे शेजारी काकाई आपल्या भाषेला 'माचो' म्हणतात. माचो म्हणजे "तो म्हणतो" किंवा "ती म्हणते". 'म' हा वर्तमानकाळाचा, 'आच' हा 'वाच' या धातूचा उरलेला भाग, 'ओ' हा तृतीय पुरुषाचा प्रत्यय. कुर्द शेजाऱ्यांच्या कानाला हेच रूप वेगळं लागतं, आणि तेच नाव झालं. तो 'वाच' म्हणजे आपल्या 'वाचा' आणि 'वाचणे' यांचा सख्खा नातलग. कुर्दीत म्हणण्याची क्रियापदं वेगळी आहेत. तुमच्या फोरमनला "तो म्हणतो" हे घरच्या भाषेत म्हणायला सांगा. एका शब्दात बरंच कळेल.

आता माझी एक चूक सांगते, कारण तीच तुमच्याकडूनही होऊ शकते. पुण्यात इराकमधून शिकायला बरीच मुलं येत. त्यांच्यातला एक बर्तिल्लाजवळच्या गावातला शबाक होता. मी त्याला दोनशे शब्दांची यादी घेऊन बसवलं: हात, पाणी, नाव, पाऊस, अशी. त्याने सावकाश, विचार करून उत्तरं दिली. 'नाव' ला त्याने 'नाव' सांगितलं. ते ऐकून मी मराठी माणसासारखी खूश झाले आणि वहीत लिहिलं: कुर्दीच्या बाजूची. दोन तासांनी त्याच्या आईचा फोन आला. तो माझ्यासमोरच बोलत होता आणि बोलण्यात दोनदा 'नाम' आलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "बाई, ते घरचं आहे. तुम्ही लिहून घेताय म्हणून मी नीट शब्द सांगत होतो." त्याच्या मनात 'नीट' शब्द म्हणजे शाळेतला, पुस्तकातला, कुर्दी किंवा अरबी शब्द. घरचा शब्द लिहिण्याच्या लायकीचा आहे असं त्याला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी यादी काढत नाही. आधी गोष्ट ऐकते. तंदूर कसा पेटवतात, मेंढी हरवली तेव्हा काय झालं, आजी कशावरून रागवायची. गोष्टीच्या ओघात माणूस स्वतःची भाषा बोलतो.

शबाकीबद्दल जुन्या लेखनात जो गोंधळ आहे त्यातला मोठा भाग असाच झाला असावा असं मला वाटतं. अरबीत लिहिणाऱ्या अनेकांनी ती कुर्दी, फारसी, अरबी आणि तुर्कीची खिचडी असल्याचं म्हटलं. 'शबाक' हे नावच अरबीतल्या 'गुंतणे' या धातूवरून, वेगवेगळ्या टोळ्यांचं जाळं म्हणून, पडलं असं सांगतात. नावाच्या या व्युत्पत्तीने भाषेच्या खिचडीला आयताच पुरावा पुरवला. पण उसने शब्द मोजून भाषेचं कूळ ठरवायचं तर मराठीचं काय होईल? सरकार, जमीन, दरवाजा, बाजार, फडणवीस हे सगळे फारसीतून, किंवा फारसीच्या वाटेने अरबीतून आले. शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नव्हे. तरी मराठीचा भूतकाळ, विभक्ती, सर्वनामं कुणीही फारसीची म्हणणार नाही. शबाकीत अरबी आणि तुर्कमानी शब्द आहेत, कुर्दी तर भरपूर आहेत. सर्वनामं, चिकटशब्द आणि रोजची क्रियापदं मात्र गोरानी गटाची आहेत.

तुर्कमानी शब्दांमागे आणखी एक कारण आहे आणि ते महत्त्वाचं आहे. शबाकांची जुनी धार्मिक परंपरा इराणच्या सफवी घराण्याच्या काळातल्या किझिलबाश पंथाशी आणि बेक्ताशी सूफींशी जोडलेली आहे. त्यांचा 'बुयरुक' हा पवित्र ग्रंथ तुर्कमानीत आहे. (आज बहुसंख्य शबाक शिया आहेत, काही सुन्नी.) म्हणजे प्रार्थनेची भाषा एक, घरची दुसरी, शाळेची तिसरी. धर्मग्रंथाच्या भाषेवरून काही अभ्यासकांनी शबाकांना तुर्क ठरवलं. पण विधी संस्कृतात करणाऱ्या घराची बोली त्यावरून संस्कृत ठरत नाही, तसंच हे.

शबाकी गोरानी गटाची आहे आणि गोरानी कुर्दीहून वेगळी, हे कसं ध्यानात आलं, याचाही इतिहास थोडक्यात सांगते. जर्मन अभ्यासक ऑस्कार मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणमध्ये फिरून गोरानी बोली लिहून घेतल्या. ते 1917 मध्ये वारले. त्यांच्या टिपणांवरून कार्ल हाडांक यांनी 1930 मध्ये गोरानीवर आणि 1932 मध्ये झाझावर ग्रंथ काढला. या दोन्ही कुर्दीपासून वेगळ्या आहेत हे मत तिथून पक्कं होत गेलं. पुढे डी. एन. मॅकेंझी यांनी 1956 मध्ये मोसुल भागातल्या बाजलानीचं वर्णन छापलं. बाजलानी ही शबाकीची सर्वांत जवळची बोली, इतकी की दोन्हींना वेगळं काढताना भाषेपेक्षा टोळीचं नावच जास्त उपयोगी पडतं. नंतर 1966 मध्ये त्यांचंच हवरामीवरचं पुस्तक आलं. मी शिकले ती यांच्याच कामावर. पण या वर्णनांच्या मागे जी माणसं बसून तासन्‌तास बोलली त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते.

आता उलट प्रश्न विचारता येईल, आणि तुमच्या कुर्द सहकाऱ्यांच्या बाजूने तो विचारायलाच हवा: गोरानी इतकी वेगळी, तर सोरानीशी तिचं इतकं जुळतं कसं? कारण गोरानी कधी काळी या भागाची प्रतिष्ठित भाषा होती. इराणमधल्या सनंदजच्या अर्दलान घराण्याच्या दरबारात कविता गोरानीत होत. यारसान, म्हणजे अहले हक पंथाची पवित्र पद्यं गोरानीत आहेत. एकोणिसाव्या शतकात मौलवी तावगोझी हा मोठा कवी त्याच भाषेत लिहीत होता. हवरामी बोलत नसलेले लोकही कविता करायला गोरानीकडे वळत. त्या काळाची एक खूण सोरानीत अजून जिवंत आहे: सोरानीत गाण्याला 'गोरानी' म्हणतात. तुम्ही अर्बीलच्या टॅक्सीत गाणं लावायला सांगता तेव्हा नकळत या जुन्या भाषेचं नाव घेता.

सोरानीतल्या काही व्याकरणाच्या खुणा गोरानीकडून आल्या हे बऱ्याच अभ्यासकांना मान्य आहे. मतभेद कारणाबद्दल आहेत. मॅकेंझी यांना वाटे की कुर्दी पसरली तेव्हा तिच्याखाली गोरानी बोलणारी वस्ती दबली आणि तिचे ठसे वर उमटले. मिखील लेझनबर्ग या अभ्यासकाने 1990 च्या दशकात दुसरी बाजू मांडली: दबलेल्या वस्तीपेक्षा वरच्या दर्जाच्या भाषेचं अनुकरण हे कारण जास्त पटतं. माझा कल लेझनबर्ग यांच्याकडे आहे. दरबारी भाषेचे शब्द आणि लकबी खाली उतरताना आपण आपल्याच इतिहासात पाहिल्या आहेत. काही असो, तुमचे सहकारी "हे तर आपल्यासारखंच आहे" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. त्यांना ऐकू येणारं साम्य खरं आहे. फक्त त्यातलं बरंचसं जन्माचं नाही, शेजाराचं आहे.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, लोक स्वतःला कोण म्हणवतात. इथे मी निकाल देणार नाही, पण हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसत्या चर्चेचा का नाही ते सांगणं भाग आहे. 1987 च्या इराकी जनगणनेत माणसाला अरब किंवा कुर्द यांतलं एक निवडायचं होतं. शबाक असा रकानाच नव्हता. ज्यांनी कुर्द लिहिलं त्यांच्यातल्या अनेकांना 1988 मध्ये गावातून उचलून छावण्यांत नेलं गेलं आणि त्यांची गावं पाडली गेली. एका रकान्यातल्या खुणेने घर गेलं. 2003 नंतर निनवेच्या मैदानावर बगदाद आणि अर्बील या दोघांनीही हक्क सांगितला, आणि "शबाकी ही कुर्दी आहे का" हा प्रश्न जमीन कुणाची या प्रश्नाला जोडला गेला. शबाकांमध्ये स्वतःला कुर्द मानणारे आहेत, वेगळं मानणारेही आहेत, कधी एकाच घरात. 2014 च्या ऑगस्टमध्ये आयसिसने मैदान घेतलं तेव्हा शिया शबाक कुटुंबं नजफ आणि करबलाकडे पळाली. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये बर्तिल्ला मोकळं झालं, पण मधली दोन वर्षं अरबी शहरांत शाळेत गेलेली मुलं परतली ती अरबी जास्त घेऊन. इराकच्या 2005 च्या राज्यघटनेतल्या चौथ्या कलमात अरबी आणि कुर्दी या राजभाषा आहेत, तुर्कमानी आणि सुर्यानी यांना त्यांच्या भागात स्थान आहे. शबाकीचं नाव त्यात नाही. संसदेत मात्र शबाकांसाठी एक राखीव जागा आहे. समाज म्हणून दखल घेतली गेली, भाषा म्हणून नाही.

म्हणून तुमच्या वादाचं उत्तर मी असं देईन. फोरमन भाषेबद्दल बरोबर आहे: शबाकी ही गोरानी गटातली भाषा आहे, बाजलानी, सारली, माचो आणि हवरामी यांची बहीण. कुर्मांजी किंवा सोरानीची बोली म्हणावी इतकी ती ध्वनींत आणि व्याकरणात त्यांच्यात बसत नाही. सहकारी 'कुर्दी' हा शब्द समाज आणि संस्कृतीच्या व्यापक अर्थाने वापरत असतील, तर त्या अर्थाने हवरामी आणि झाझा बोलणारे बरेच लोकही स्वतःला आनंदाने कुर्द म्हणवतात. तो अर्थ भाषाशास्त्र खोडून काढू शकत नाही. दोघांनी शब्द कुठल्या अर्थाने वापरला ते आधी विचारा. माझ्या अनुभवात निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं जमिनीचं असतं, त्यात पडू नका.

आणि एक विनंती. तुम्ही अशा ठिकाणी आहात जिथे मी आता जाऊ शकत नाही. फोरमनची तयारी असेल, आणि त्याला आधी नीट सांगितलंत की हे कशासाठी, तर त्याच्या आईवडिलांपैकी कुणाचं तरी पाच-दहा मिनिटांचं बोलणं मोबाइलवर टिपून घ्या. विषय साधा ठेवा: लग्न कसं होतं, पेरणी कधी करायची, लहानपणीचं घर कुठे होतं. कुर्दी किंवा अरबीतून प्रश्न विचारू नका. फोरमनलाच त्याच्या भाषेत विचारू द्या आणि तुम्ही गप्प बसा. नंतर त्याच्याकडून आठ शब्द विचारा, पण बोलणं झाल्यावरच: नाव, जावई, वारा, पाऊस, वीस, तीन, जव, आणि "तो म्हणतो". रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख बोलणाऱ्याच्याच आवाजात घ्या, आणि एक प्रत त्या घरी ठेवा.